दोन शोध, एक यकृत

तांदळाला बुरशी आली की आपण तो फेकून देतो. टोकियोच्या सांक्यो कंपनीतले अकिरा एंदो मात्र बुरशीच शोधत होते. सुमारे ६००० सूक्ष्मजीव चाळून झाल्यावर, १९७३ मध्ये, क्योटोच्या तांदळावरल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, गवसलं. पुढे १९९४ साली ४४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत याच वर्गातल्या सिम्वास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलची शंका बहुतेकांपुरती मिटली.

क्योटोच्या शेजारीच ओसाका. तिथे १९८६ मध्ये तादामित्सु किशिमोतो यांच्या चमूने इंटरल्यूकिन-६ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाचं जनुक हाती आणलं. त्या प्रथिनाचं काम रोखणारं टोसिलिझुमॅब हे औषध २००८ पासून जपानमध्ये आमवातावर मिळू लागलं.

एक शोध हृदयरोगवाल्यांचा, दुसरा सांधेवाल्यांचा. विभाग वेगळे, परिषदा वेगळ्या, केसपेपरही वेगळे. पण आमवाताच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. त्यामुळे ही दोन औषधं एकाच माणसाच्या शरीरात जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. त्याचा विचार मात्र फार उशिरा झाला.

दाह भडकलेला असतो तेव्हा इंटरल्यूकिन-६ यकृतातल्या काही एन्झाइमांना दाबून ठेवतं. सिम्वास्टॅटिन मोडणारं एन्झाइम त्यांतलंच. परिणामी ते औषध रक्तात प्रमाणाबाहेर साचतं. टोसिलिझुमॅब दिलं की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या एकाच मात्रेनंतर आठवड्याभरात रक्तातलं सिम्वास्टॅटिन ५७ टक्क्यांनी उतरलं होतं. त्या अभ्यासात रुग्ण होते अवघे १२. गोळीचा गुण सिद्ध करायला हजारो लागले. हे कळायला डझनभर पुरले, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

गंमत अशी, की टोसिलिझुमॅबच्या उपचाराने कोलेस्टेरॉलचा आकडाही चढतो. रिपोर्ट पाहून रुग्ण हादरतो, कधी डॉक्टरही. खरं तर आधीचा कमी आकडा दाहाने ओढून खाली आणलेला होता. त्याला तब्येतीचं प्रमाणपत्र समजणं हीच चूक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ३०८० रुग्णांच्या चाचणीत टोसिलिझुमॅब आणि इटानरसेप्ट हे आमवातावरचं दुसरं जैविक औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटनांमध्ये ठळक फरक दिसला नाही. आकडा चढला म्हणून कुणी जैविक औषध बंद करत असेल, तर ती घाई आहे. दाह शमल्यावर चरबीची तपासणी पुन्हा करून स्टॅटिनची मात्रा जुळवणं, हे शहाणपणाचं. रोसुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनचा मात्र सिम्वास्टॅटिन मोडणाऱ्या एन्झाइमशी फारसा संबंधच येत नाही.

उलटा प्रवासही लक्षात घ्यावा. टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन थांबलं, दाह परतला, तर काही आठवड्यांत एन्झाइम पुन्हा मंदावतं आणि वाढवून ठेवलेली सिम्वास्टॅटिनची गोळी जड जाऊ शकते. तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम म्हणजे स्नायूदुखी. आणि अंग दुखतं म्हणून हा रुग्ण जाणार तो सांध्यांच्या डॉक्टरकडे, हातात सांध्यांचीच फाइल घेऊन.