बंधाची खरी कसोटी काळाची

दातात कॉम्पोझिट सहसा 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात. प्रकाशाने नुकत्याच घट्ट केलेल्या थरात न जुळलेले रेणू शिल्लक असतात. पुढचा थर त्यांच्याशी रासायनिक बंध जोडतो. मध्येच लाळ लागली, की तो बंध दुबळा होतो. जुन्या भरणात असे रेणू थोडेच उरतात, म्हणून दुरुस्तीपूर्वी पृष्ठभाग खडबडीत करून बंधक लावावा लागतो.

तरीही 24 तासांनी मोजलेले बळ म्हणजे टिकाऊपणा नव्हे. 5 ते 55 अंश सेल्सिअसच्या हजारो आवर्तनांनंतर किती बळ उरले, हे शोधनिबंध वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. अभनपूरच्या मजुराला निखळलेले भरण म्हणजे रायपूरची आणखी एक फेरी, बुडालेला रोज आणि दाताचा आणखी कोरला गेलेला अंश.