दुपारी चढणारा दाब

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णाला विजेचे बिल दुय्यम असते. त्याला हवी असते स्थिर वीज. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखणाऱ्या आरोग्य केंद्रातील शीतपेटीचेही तेच. (पेटीला निदान स्टॅबिलायझर तरी असतो.) छतांवर सौर पॅनल वाढू लागल्यापासून या स्थिरतेचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. चर्चा मात्र अनुदानापलीकडे जात नाही.

आपले वितरण जाळे एकाच दिशेचा प्रवाह गृहीत धरून उभारले गेले. उपकेंद्राकडून रोहित्राकडे, तिथून घराघरांत. तार लांबत जाते तसा दाब घटतो. म्हणून शेवटच्या घरालाही २३० व्होल्टच्या आसपास वीज मिळावी यासाठी रोहित्राजवळ तो थोडा चढा ठेवतात. हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारी हे गणित उलटते. पंखे बंद, माणसे कामावर आणि पॅनल भरात. वापराविना उरलेली वीज रोहित्राकडे परत ढकलायची तर घराकडचा दाब रोहित्रापेक्षा वर जावा लागतो. तो मर्यादेपलीकडे गेला की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतो आणि ग्राहक पॅनल विकणाऱ्याला फोन करत बसतो.

हा फटका सर्वांना सारखा बसत नाही. रोहित्राशेजारच्या घराचे पॅनल चालू राहते, टोकाच्या घराचे वारंवार बंद पडते. ऊन तेच, अनुदानही तेच. संध्याकाळी सूर्य मावळतो, चुली-गीझर सुरू होतात आणि त्याच तारेवर दाब घसरतो. गल्लीतल्या रोहित्राचा टॅप दिवसातून दोनदा बदलता येत नाही. बहुतेक ठिकाणी त्यासाठी वीजच बंद करावी लागते.

शरीरात रक्तदाबाचा भार एकट्या हृदयावर नसतो. प्रत्येक अवयवातील सूक्ष्म धमन्या गरजेप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावतात. ऑस्ट्रेलियाने वीजजाळ्यात तोच मार्ग धरला. डिसेंबर २०२१ पासून तिथल्या नव्या इन्व्हर्टरना दाब चढताच रिअॅक्टिव्ह पॉवर शोषून घेणे आणि तरीही तो वाढलाच, तर उत्पादन एकदम तोडण्याऐवजी हळूहळू कमी करणे बंधनकारक आहे. हा रामबाण नव्हे. बारीक, लांब तारांवर रिअॅक्टिव्ह पॉवरचा उपाय तोकडा पडतो; तिथे जाड तार, बॅटरी किंवा चालू स्थितीत टॅप बदलणारे रोहित्र लागते आणि त्याला पैसा लागतो.

पंतप्रधान सूर्यघर योजनेचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेले लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. आजच्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते, फक्त ती चालू करावी लागते. बसवतानाच केली तर खर्च जवळजवळ शून्य. नंतर छताछतावर माणूस पाठवावा लागेल. तेव्हा मंजुरीच्या कागदावर किलोवॅटच्या रकान्याशेजारी या सेटिंगचाही रकाना हवा. आणि ज्या तारेवर आरोग्य केंद्र किंवा घरी उपचार घेणारा रुग्ण आहे, तिच्या टोकाला दुपारी आणि रात्री दाबाची नोंद सुरू व्हायला हवी, पुढचे पॅनल मंजूर होण्याआधी.