मायनर चालू आहे, पण कोणाच्या खात्यावर?

घरच्या बिटकॉइन मायनरचं कनेक्शन तुटलं की टेलिग्रामच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास मिळतो: राउटरमध्ये जा, पोर्ट फॉरवर्डिंग करा, नाहीतर सरळ डीएमझेड चालू करा. हा सल्ला मानू नका. मायनरला त्याची गरज नसते. बिघाड जिथे होता तिथेच राहतो, आणि घरातलं यंत्र मात्र साऱ्या जगासमोर उघडं पडतं.

मायनर स्वतःहून बाहेरच्या पूलशी, म्हणजे अनेक मायनरना काम वाटणाऱ्या सर्व्हरशी, संपर्क साधतो. बाहेरून कोणी त्याच्यापर्यंत यावं लागत नाही. हा संवाद ज्या पद्धतीने चालतो ती स्ट्रॅटम. प्रागमधला स्लश पूल चालवणाऱ्या मारेक पालाटिनुस याने ती २०१२ मध्ये आणली. त्याआधी यंत्राला पुन्हा पुन्हा सर्व्हरकडे काम मागायला जावं लागे. स्ट्रॅटममध्ये एकदा जोडलेली टीसीपी लाइन उघडीच राहते आणि नवं काम आलं की पूल ते आपणहून पाठवतो. मायनर आधी नोंदणी करतो, मग नाव सांगतो, मग काम घेतो आणि उत्तर सापडलं की परत पाठवतो. हे सगळं साध्या मजकुराच्या छोट्या छोट्या ओळींत चालतं. त्यामुळे मायनरसाठी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. इथे वेगापेक्षा लाइन न तुटणं महत्त्वाचं. उत्तर उशिरा पोचलं तर ते ‘स्टेल’ ठरतं आणि तेवढी वीज फुकट जाते. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतात, त्यानेही मायनिंग अडत नाही, कारण हाक आतून बाहेर जात असते.

मग अडतं कुठे? बिटॅक्ससारख्या छोट्या मायनरच्या बाबतीत बहुतेक वेळा वायफायवरच. त्यात ईएसपी३२-एस३ ही चिप असते आणि तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली देतात. फोनला त्याने काही फरक पडत नाही, या चिपला पडू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि मायनरला २.४ चं नाव द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं माझं मत आहे.

दुसरी अडचण पहिल्यांदा सेटिंग करताना येते. नवं उपकरण स्वतःचं वायफाय सुरू करतं, फोन त्याला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ उघडायचं, असा क्रम असतो. पण त्या वायफायवर इंटरनेट नसतं. फोनला ते कळलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पान उघडतच नाही. माणूस मायनरला दोष देतो. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करायचा, बस.

तिसरी गोष्ट वीज जाऊन आल्यानंतरची. राउटर पुन्हा सुरू होताना मायनरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो, आणि मग फोनमध्ये जतन करून ठेवलेलं जुनं पान उघडत नाही. मायनर बंद पडला असं समजून लोक त्याला रिसेट करतात आणि होती ती सेटिंगही घालवतात. प्रत्यक्षात तो नव्या पत्त्यावर व्यवस्थित काम करत असतो. बिटॅक्सच्या छोट्या पडद्यावर तो पत्ता दिसतो. नाहीतर राउटरच्या यादीत सापडतो. राउटरमध्ये मायनरच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवला की हा त्रास संपतो. पत्ता बरोबर असूनही पान उघडत नसेल तर मायनर गेस्ट नेटवर्कवर आहे का ते पाहा. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही.

अँटमायनर एस९ सारखी जुनी, मोठी यंत्रं वायफायवर चालत नाहीत, त्यांना लॅनची केबल लागते. तिथे तपासणी खालून वर करायची. पोर्टचा दिवा लागतोय का? नसेल तर केबल, तिची क्लिप किंवा राउटरचा पोर्ट बदलून पाहा. दिवा लागतोय पण आयपी मिळत नाही? राउटरचं डीएचसीपी पाहा. आयपी आहे पण पूल ‘डेड’ दाखवतो? मग पूलचं नाव, पोर्ट आणि डीएनएस. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून पूल बंद आहे असं समजू नका. काही सर्व्हर पिंगला उत्तर देतच नाहीत. त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपवरून पूलच्या नेमक्या पोर्टला, बहुतेक ठिकाणी ३३३३, टेलनेटने जोडून पाहा. जोडलं गेलं तर इंटरनेटवाल्याशी भांडायचं कारण नाही. चूक मायनरच्या सेटिंगमध्ये आहे. पूलचं नाव लिहिण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्या. काही यंत्रांना नावाआधी ‘स्ट्रॅटम प्लस टीसीपी’ हा भाग लागतो. बिटॅक्समध्ये मात्र नुसतं सर्व्हरचं नाव लिहायचं असतं, पोर्टची चौकट वेगळी असते.

इथवर आलं, हॅशरेट दिसू लागला, की लोक निःश्वास टाकतात. माझ्या मते खरी तपासणी इथून सुरू होते. मायनर जोडला गेला आहे एवढंच पडदा सांगतो. तो कोणासाठी काम करतो आहे हे वेगळं पाहावं लागतं.

२०१४ ची घटना याच कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात कोणीतरी इंटरनेटचे मार्ग ठरवणाऱ्या बीजीपी यंत्रणेत खोटे मार्ग घुसवून पूलकडे जाणारी वाहतूक आपल्याकडे वळवली. डेल सिक्युअरवर्क्सच्या संशोधकांनी माग काढला तेव्हा तो कॅनडातल्या एका इंटरनेट कंपनीच्या राउटरपर्यंत पोचला. हल्लेखोराने स्ट्रॅटममधलीच ‘पुन्हा जोडणी करा’ ही आज्ञा वापरली. मायनरांनी ती निमूट पाळली आणि ते त्याच्या सर्व्हरवर राबू लागले. पंखे फिरत होते, चिपा तापत होत्या, काम येत होतं. मोबदला मात्र दुसऱ्याला मिळत होता. ही चोरी सुमारे ८३,००० डॉलरची असावी, असा संशोधकांचा अंदाज होता. मूळ स्ट्रॅटममध्ये कूटबद्धता नाही, पलीकडचा सर्व्हर खरा की खोटा हे यंत्राला ओळखता येत नाही. स्ट्रॅटमच्या दुसऱ्या आवृत्तीत ही त्रुटी दूर केली आहे. आपलं यंत्र आणि आपला पूल दोघांनाही ती येत असेल तर तीच निवडा.

उघड्या पोर्टचं काय होतं हे जानेवारी २०१८ मध्ये दिसलं. सातोरी नावाच्या बॉटनेटच्या नव्या अवताराने इंटरनेटवर उघडी पडलेली क्लेमोर मायनिंग सॉफ्टवेअरची नियंत्रण पोर्टं शोधली आणि त्यांच्यात शिरून वॉलेटचा पत्ता बदलला. घुसखोराला एवढंच पुरतं. डीएमझेडचा सल्ला देणाऱ्याला हे सांगा. एस९ चं लॉगिन कारखान्यातून ‘रूट’ आणि पासवर्डही ‘रूट’ असंच येतं, आणि अनेक घरांत ते तसंच राहतं. पासवर्ड न बदलता यंत्र बाहेर उघडणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

निर्मात्याच्या फर्मवेअरवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये उघड झालं की अँटमायनरचं फर्मवेअर थोड्या थोड्या मिनिटांनी निर्मात्याच्या एका सर्व्हरशी संपर्क करतं आणि तिथून नकार आला तर यंत्र थांबू शकतं. या प्रकाराला अँटब्लीड म्हणतात. तो थोपवण्याचा तात्पुरता उपायही नेटवर्कचाच होता: यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये त्या सर्व्हरचं नाव यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्याकडे वळवायचं. कंपनीने पुढे फर्मवेअर सुधारलं.

यावर मी एवढा भर देतो, कारण घरच्या मायनिंगमध्ये वीज आपली जाते. एस९ साधारण १,३०० वॉट खातो, म्हणजे दिवसाला ३१ युनिट, महिन्याला ९०० च्या वर. महावितरणच्या घरगुती दरात हे बिल ५०० युनिटांपुढच्या सर्वांत महाग टप्प्यात जातं. शिवाय मिळालेल्या नाण्याच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. बिटॅक्स १५-२० वॉटवर भागवतो, पण एकट्याने ब्लॉक सापडण्याची शक्यता इतकी कमी की सरासरीने हजारो वर्षं लागावीत. घरी मायनर ठेवणारे बहुतेक जण शिकण्यासाठी आणि बिटकॉइनचं जाळं मूठभर मोठ्या मायनिंग फार्मांच्या हाती जाऊ नये म्हणून ठेवतात. मला हा हेतू मोलाचा वाटतो. तो हेतू असेल तर आपली हॅश आपल्याच नावावर जाते आहे हे पाहण्याचे कष्टही घ्यायला हवेत.

मायनरच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबदला ज्यावर येतो तो वॉलेटचा पत्ता अक्षर न् अक्षर पडताळा. नव्या यंत्रात नमुन्यादाखल दुसऱ्याचा पत्ता भरलेला असू शकतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्रात आधीच्या मालकाचा पत्ता, किंवा फर्मवेअरमध्ये काहीही असू शकतं. तिथे आधी निर्मात्याच्या संकेतस्थळावरचं फर्मवेअर नव्याने घाला आणि मगच यंत्र इंटरनेटला जोडा. त्यानंतर पूलच्या पानावर आपला पत्ता टाका. सीजीमायनर हे मायनिंग सॉफ्टवेअर लिहिणारे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉन कोलिव्हास यांच्या सोलो पूलवर त्यासाठी खातंही लागत नाही, पत्ता टाकला की हॅशरेट आणि शेवटच्या शेअरची, म्हणजे पाठवलेल्या उत्तराची, वेळ दिसते. ही माहिती मायनरच्या पडद्याशी जुळवा. पूलवरचा आकडा शेअर मोजून काढलेला अंदाज असतो, म्हणून तासाभराचा नको, दिवसाभराचा सरासरी आकडा घ्या. मायनर १.२ टेराहॅश दाखवतोय आणि पूलवर दिवसभराची सरासरी ०.८ असेल, तर आधी स्टेल आणि रिजेक्ट शेअर मोजा. ते किरकोळ असतील तर उरलेली हॅश कुठे जाते आहे हे शोधण्यासाठी राउटरच्या चालू जोडण्यांच्या यादीत मायनर कोणकोणत्या पत्त्यांशी बोलतो आहे ते पाहा. तिथे पूलशिवाय दुसरा पत्ता सतत दिसला तर यंत्र नेटवर्कपासून तोडा आणि फर्मवेअर बदलेपर्यंत ते जोडू नका.