मका, तुरा आणि एक पाणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील, अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतच्या सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांत खरिपात पाहावे तिकडे मका उभा दिसतो. ज्या शिवारांत एके काळी बाजरी आणि ज्वारी हीच मुख्य धान्ये होती व पुढे ज्यांचा ताबा कापसाने घेतला, त्यांच्या पीकपेऱ्यात मक्याने ही जागा मिळवली ती कोणाच्या फर्मानाने नव्हे. कोंबड्यांचे खाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल यांच्या मागणीने, आणि कणसे काढल्यावर दावणीला चारा उरतो या व्यवहारी हिशेबाने. शेतकऱ्याने हा निर्णय स्वतः घेतला आहे. प्रश्न एवढाच की, तो घेतल्यावर त्याच्या मदतीस जे धावतात ते नेमके कोणती मदत करतात.

बहुधा ते बियाणे देतात, खतांच्या मात्रा सांगतात, मेळावे भरवतात. या गोष्टी निरर्थक नाहीत. नत्र एकदम न देता तीन हप्त्यांत विभागून द्यावे, हा सल्ला मोलाचाच आहे. परंतु या जिल्ह्यातील मक्याचे भवितव्य त्यावर ठरत नाही. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी सुमारे 700 मिलिमीटर, आणि मक्याची गरज 500 ते 600 मिलिमीटर; म्हणजे दफ्तरातील हिशेब बिनचूक जुळतो, आणि तरीही पीक हातचे जाते, कारण पाऊस सरासरीने पडत नाही. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2025 च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यातील शेते अतिवृष्टीने पाण्याखाली गेली.

पेरणीनंतर पन्नास-साठ दिवसांनी मक्याला तुरा येतो आणि लगोलग कणसाचे केस बाहेर पडतात. तुऱ्यातील पराग त्या केसांवर पडला तरच दाणा धरतो; या अवधीत जमिनीत ओल नसेल तर केस उशिरा निघतात, तोवर पराग झडून गेलेला असतो, आणि महागडे संकरित बियाणे, वेळेवर दिलेले खत, दोन खुरपण्यांची मजुरी हे सारे एका अर्ध्या रिकाम्या कणसात जमा होते. पुढे कितीही पाऊस पडो, न धरलेला दाणा मागाहून धरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, कोरडवाहू मुलखात मक्याला मदत करणे याचा पहिला अर्थ तुऱ्याच्या वेळच्या एका संरक्षित पाण्याची तजवीज करणे हाच आहे.

ही तजवीज अशक्य कोटीतील नव्हे. तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे सुमारे वीस लाख लिटर पाणी धरते; एक एकर मक्याला पाच सेंटिमीटरचे पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर पुरे. बाष्पीभवनात व झिरपण्यात निम्मे गेले असे धरले तरी पाच एकरांचा तुरा सांभाळला जातो. दुर्दैव असे की, पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी अनुदान घेऊन खोदलेली अनेक तळी प्लास्टिक अंथरून विहिरीच्या उपशाने भरली जातात आणि ते पाणी फळबागांकडे वळते. भूगर्भातले पाणी उन्हात मांडण्याच्या या उद्योगाला जलसंधारण हे नाव कसे शोभते, ते योजनाकारच जाणोत! ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांची गत निराळी: ऐन तुऱ्याच्या आठवड्यात वीज रात्रपाळीला येते, आणि शेतकरी अंधारात, विंचूकाट्यातून बारी धरायला निघतो.

2018 साली कर्नाटकात प्रथम दिसलेली आणि पुढच्याच खरिपात या जिल्ह्यात थैमान घातलेली अमेरिकन लष्करी अळी हे दुसरे संकट. ती पोंग्यात शिरून बसल्यावर फवारणी बहुतांशी वायाच जाते. अंडीपुंज वेचणे, कामगंध सापळे, निंबोळी अर्क हे उपाय पहिल्या पंधरवड्यातच करायचे असतात. अर्थात येथेही भरवसा आहे तो बांधावर वेळेवर येणाऱ्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याचा, भिंतीवरच्या पत्रकाचा नव्हे.

एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. डोंगरउतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत, जेथे तळेही भरत नाही आणि विहिरीलाही पाणी लागत नाही, तेथे मका पेरू नये. तेथे बाजरी आणि तूर बरी, असे स्पष्ट सांगणारा अधिकारी हाच शेतकऱ्याचा खरा हितकर्ता. निजामशाहीच्या ज्या वजिराने, मलिक अंबराने, 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, त्याच्या जमाबंदीत जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याचा रिवाज होता. आमच्या योजना मात्र काळ्या रानाला आणि माळाला एकाच पिशवीतले बियाणे वाटतात.

केंद्राने 2025-26 साठी मक्याला क्विंटलमागे 2400 रुपये आधारभूत किंमत जाहीर केली होती. पण तिला चौदा टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याची अट असते, आणि परतीच्या पावसात भिजलेला मका त्या अटीत बसत नाही. गावोगावी वाळवणीची सोय नसेल तर तो भाव कागदावरच राहणार.

जिल्हा प्रशासनाने पुढील खरिपापूर्वी गावनिहाय इतके तरी करावे: कोणत्या गटात तुऱ्याच्या वेळी एक पाणी मिळू शकते याची पाहणी करून ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि त्या पंधरवड्यात त्या गावांना दिवसा वीज द्यावी.