शेवंताच्या मनात काय?

‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा दिवा-रोहा गाडीत पेण येईपर्यंत एकच वाद: नाईकांच्या वाड्यात भूत, की माणसाचाच हात? २०१९ च्या दुसऱ्या भागात शेवंता गाजली. तिच्या मनात काय, यावर पैजा. पडद्यावर आपण कारण शोधतो, पुरावा मागतो. घरची सून मात्र बाळंतपणानंतर झोपेनाशी झाली, एकटीच बोलू लागली, की पहिला तर्क ‘बाधा’ आणि बोलावणे भगताला! हा प्रसूतीनंतरचा मनोविकार असू शकतो. वेळेवर औषधे मिळाली तर बहुतेक जणी बऱ्या होतात. उशीर मायलेकरांच्या जिवावर बेततो. अशा बाईला एकटे न ठेवता त्याच दिवशी पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. टेलि-मानसच्या १४४१६ वर रात्रीही मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.