विश्लेषण : ५४ चेंडूंतील ११७ की १३७ चेंडूंतील १०७? उमेदीचा क्रिकेटपटू पारखतात कसा?

जून २०२३. गहुंजेच्या स्टेडियमवर पहिली महाराष्ट्र प्रीमियर लीग रंगात आली होती. पुणेरी बाप्पाविरुद्ध ईगल नाशिक टायटन्सच्या १८ वर्षांच्या अर्शिन कुलकर्णीने ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या. त्यात १३ षटकार. मग गोलंदाजीला येऊन २१ धावांत ४ बळी घेतले, अखेरचे षटकही त्यानेच टाकले आणि नाशिकने सामना अवघ्या एका धावेने जिंकला. पोरगा सोलापूरचा. (स्पर्धेत सोलापूर रॉयल्स नावाचा संघ असताना आपला गडी नाशिककडून खेळत होता, ही चुटपुट सोलापूरकरांना आजही आहे.)

त्याच वर्षी १९ डिसेंबरला दुबईत झालेल्या आयपीएल लिलावात लखनऊ सुपर जायंट्सने अर्शिनला २० लाखांना घेतले. तेव्हापासून त्या १३ षटकारांची क्लिप शहरातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून फिरते. आणि जुळे सोलापूरच्या मैदानांवर संध्याकाळी किटबॅगा घेऊन पोरांना सोडायला येणाऱ्या पालकांच्या मनात एकच प्रश्न घोळतो : आपलाही मुलगा लांब मारतो, मग त्याला पुण्याला पाठवायचे का?

त्याचे उत्तर शोधण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फ्रँचायझीचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे पारखी, ही क्लिप पाहताना नेमके काय पाहतात?

१३ षटकारांच्या पलीकडे

आधी साधे गणित करू. ११७ धावांमध्ये १३ षटकार आणि ३ चौकार, म्हणजे ९० धावा १६ चेंडूंत आल्या. उरलेल्या ३८ चेंडूंत २७ धावा. पालक १६ चेंडू पाहतात, पारखी ३८ पाहतो. त्या ३८ चेंडूंपैकी किती निर्धाव गेले, कुठल्या गोलंदाजाने त्याला बांधून ठेवले, आखूड टप्प्याचा चेंडू आला की पाय मागे जातो की पुढेच अडकतो, फिरकीवर एकेरी धाव काढता येते का, हे सगळे त्यात असते. क्लिप कापणारा नेमके तेच कापून टाकतो.

आता दुसरी खेळी पाहू. ११ जानेवारी २०२५, वडोदरा. विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, समोर पंजाब. अर्शदीप सिंगने नव्या चेंडूवर कर्णधार ऋतुराज गायकवाडला लवकर परत पाठवले होते. अर्शिन सलामीला येऊन एक बाजू लावून धरत १३७ चेंडूंत १०७ धावा करून गेला. महाराष्ट्राने पावणेतीनशेचा पल्ला गाठला आणि सामना ७० धावांनी जिंकला. या खेळीची क्लिप आमच्या तरी कुठल्या ग्रुपवर आली नाही.

आमच्या मते अर्शिनबद्दल जास्त सांगणारी खेळी ही दुसरी आहे. भारतासाठी खेळलेला डावखुरा वेगवान गोलंदाज, नवा चेंडू, बाद फेरीचे दडपण आणि ५० षटके फलंदाजी करण्याचा संयम. लांब मारण्याची ताकद त्याच्याकडे आहे हे २०२३ मध्येच कळले होते. ती बाजूला ठेवता येते का, हे वडोदऱ्यात कळले.

अमेरिकेत काय करतात?

खेळाडू पारखण्याचा सर्वांत शिस्तबद्ध कारखाना अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि त्यांना नवे खेळाडू मुख्यतः कॉलेजांतून मिळतात. लिलाव नसतो, 'ड्राफ्ट' असतो. सात फेऱ्या होतात आणि गेल्या मोसमात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला सर्वांत आधी निवड करायला मिळते. पगारही कितव्या क्रमांकावर निवड झाली यावरून जवळजवळ ठरूनच जातो.

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसमध्ये निवडक खेळाडूंची जाहीर चाचणी होते. त्यात सर्वांत गाजते ती ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव. 'वाइड रिसिव्हर'साठी ती विशेष पाहिली जाते. मैदानाच्या कडेने सुसाट पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा तो वाइड रिसिव्हर.

२०१७ च्या चाचणीत जॉन रॉस नावाच्या रिसिव्हरने ४.२२ सेकंदांत हे अंतर कापून तेव्हाचा विक्रम केला. सिनसिनाटी संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप नावाचा दुसरा रिसिव्हर होता. कॉलेज दुय्यम गटातले, धाव ४.६२ सेकंदांची. त्याचे नाव तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर आले. रॉसला पहिल्या मोसमात एकही झेल घेता आला नाही. दुखापती मागे लागल्या आणि पुढेही तो कधी स्थिरावला नाही. कपने २०२१ च्या मोसमात १४५ झेल घेतले आणि त्या मोसमाच्या सुपर बोल या अंतिम लढतीत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

०.४ सेकंदांनी मागे असलेला माणूस पुढे कसा गेला? मोकळ्या ट्रॅकवरची धाव आणि बचावपटू अंगावर असताना नेमक्या क्षणी वळून मोकळी जागा काढणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे घड्याळ लावता येते. दुसऱ्यासाठी कॉलेजच्या तीन-चार वर्षांच्या सामन्यांचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहावे लागते. कपच्या कॉलेजातील आकडे प्रचंड होते, पण 'समोर कोण होते' या शंकेने ते झाकोळले गेले.

समोर कोण होते?

ही शंका आपल्याकडेही आहे आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण सोलापूर जिल्ह्याचेच आहे. किरण नवगिरे. मूळची भाला आणि धावण्याच्या मैदानातली ही मुलगी महाराष्ट्राऐवजी नागालँडकडून खेळू लागली आणि २०२२ च्या राष्ट्रीय महिला टी-२० स्पर्धेत तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुष-महिला मिळून.

पण अरुणाचलची गोलंदाजी ती काय, असे म्हणणारे होतेच आणि त्यांचे अगदीच चूक नव्हते. अशा वेळी पारखी खेळाडूला नाकारत नाही की डोक्यावरही घेत नाही. तो पुढच्या पायरीची वाट पाहतो. ती पायरी त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात आली. महिला टी-२० चॅलेंजमध्ये, आंतरराष्ट्रीय गोलंदाजांसमोर, किरणने ३४ चेंडूंत ६९ धावा केल्या. बॅटवर प्रायोजकाचे नाव नव्हते, हाताने लिहिलेले 'एमएसडी ०७' होते. सप्टेंबरमध्ये ती भारताकडून खेळली आणि २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात यूपी वॉरियर्सने तिला ३० लाखांना घेतले.

हीच फूटपट्टी अर्शिनला लावली तर चित्र संमिश्र दिसते. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध ११८ चेंडूंत १०८ धावा केल्या, पण उपांत्य आणि अंतिम सामन्यात तो लवकर बाद झाला. त्याच संघातील बीडच्या सचिन धसने उपांत्य फेरीत, डाव कोसळत असताना, यजमान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. तरीही २०२४ ची आयपीएल अर्शिनच्या वाट्याला आली, सचिनच्या नाही. यात अन्याय शोधण्याआधी तारखा पाहाव्यात : लिलाव डिसेंबरमध्ये झाला, विश्वचषक जानेवारीत सुरू झाला. लिलावाच्या दोन आठवडे आधी दुबईतच, युवा आशिया चषकात, अर्शिनने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद ७० धावा आणि ३ बळी अशी कामगिरी केली होती. पारख कितीही शास्त्रशुद्ध असो, कॅलेंडर आपले काम करतेच.

२० लाख आणि ८.४० कोटी

त्याच लिलावात उत्तर प्रदेशच्या समीर रिझवीची बोली २० लाखांवर सुरू झाली आणि चेन्नई सुपर किंग्जने ती ८.४० कोटींवर थांबवली. तोही राज्याच्या टी-२० लीगमध्येच गाजला होता. आयपीएलमध्ये पहिलाच चेंडू त्याने राशीद खानला षटकार मारला. पण तो मोसम ८ सामन्यांत ५१ धावांवर संपला आणि पुढच्या लिलावात दिल्लीने त्याला ९५ लाखांत घेतले. वर्षभरात रिझवी नवव्या हिश्शाचा फलंदाज झाला होता का? मुळीच नाही. २०२५ मध्ये दिल्लीसाठी त्याने पंजाबविरुद्ध सामना जिंकून देणारी खेळी केलीच.

लिलावातील किंमत खेळाडूच्या दर्जापेक्षा दोन गोष्टी अधिक सांगते : त्या दिवशी किती संघांकडे ती एक जागा रिकामी होती आणि कोणाच्या थैलीत किती शिल्लक होते. दोन संघ एकाच खेळाडूवर अडले की आकडा आठ कोटींवर जातो. एकाच संघाने हात वर केला की खेळाडू मूळ किमतीत जातो. अर्शिनवर दोन्ही वेळा मूळ किमतीचीच बोली लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या महालिलावात लखनऊने त्याला पुन्हा घेतले, ३० लाखांना. पण पहिल्या वर्षी त्याला आतून पाहिलेल्या संघाने, दुसरा कोणी बोली लावत नसताना, त्याच्यासाठी पुन्हा हात वर केला. नेटमध्ये रोज दिसणाऱ्या खेळाडूबद्दलचे हे मत आम्हाला रिझवीच्या आठ कोटींपेक्षा वजनदार वाटते.

मधल्या काळात काय झाले होते, हेही सांगायला हवे. ३० एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्सविरुद्ध अर्शिनने आयपीएल पदार्पण केले आणि नुवान थुशाराच्या पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. एका चेंडूवरून माणूस मोजायचा तर त्याची कारकीर्द त्या रात्रीच संपायला हवी होती.

अष्टपैलूची अडचण

अर्शिनसारख्या खेळाडूपुढे आणखी एक अडथळा आहे, त्यावर फारशी चर्चा होत नाही. २०२३ पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. संघ एक फलंदाज उतरवतो आणि गोलंदाजीच्या वेळी त्याच्या जागी पूर्णवेळ गोलंदाज आणतो. मग दोन षटके टाकू शकणाऱ्या सलामीवीराची गरज कोणाला? भारताला मध्यमगती अष्टपैलू हवे आहेत, हार्दिक पंड्यानंतर कोण हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. पण ज्या स्पर्धेत ते घडायचे, तिथल्या नियमाने त्यांची किंमत घटवली आहे. हा नियम काढावा, असे आमचे मत आहे.

तरीही वाट बंद झालेली नाही. आंध्रच्या नितीशकुमार रेड्डीला हैदराबादने २० लाखांनाच घेतले होते. २०२३ मध्ये त्याला दोनच सामने मिळाले. २०२४ मध्ये त्याने ३०३ धावा केल्या, उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळवला आणि संघाने त्याला सहा कोटींना राखले. वर्षअखेरीस तो पर्थमध्ये कसोटी खेळत होता. त्याचे दोन्ही हात चालत होते, म्हणून नियम असूनही त्याला जागा मिळाली. अर्शिनची चार षटके भरवशाची होतात का, यावर त्याचे पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

मग पालकांनी काय पाहायचे?

मुलगा किती लांब मारतो, हे सर्वांत शेवटी. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलांच्या गोलंदाजीवर तो काय करतो, हे आधी. बाद कसा होतो, तेही. पाच सामन्यांत पाचदा उजव्या यष्टीबाहेर बॅट घालून झेल देत असेल तर त्या पाच सामन्यांतली दोन अर्धशतके विसरावीत. अकादमी निवडताना बॉक्स टर्फवर रोज किती षटकार मारून घेतात यापेक्षा मॅटवर नाही, मातीच्या खेळपट्टीवर महिन्यातून किती खरे सामने मिळतात, हे विचारावे.

क्रिकहीरोज अॅपवरची सरासरी दाखवून 'मुलगा जिल्ह्यात पहिला' म्हणणारेही भेटतात. त्या सरासरीत टेनिस बॉलचे आणि लेदर बॉलचे सामने वेगळे काढल्याशिवाय तिचा उपयोग नाही. वयाबाबत तर चलाखी करूच नये. १६ वर्षांखालील खेळाडूंची हाडांवरून वयचाचणी होते आणि तिथे कागद खोटा ठरला की मुलाची मधली वर्षे हातची जातात.

पुण्याला पाठवण्याचा प्रश्न उरतोच. दहावीच्या आत घर सोडून, शाळा नावापुरती ठेवून जाणाऱ्या मुलांपैकी आयपीएलपर्यंत पोहोचणारे फारच थोडे. अर्शिन मोठ्या पडद्यावर दिसला तो राज्याच्या लीगमुळे, आणि ती लीग आता दरवर्षी होते. मुलगा जिल्ह्याच्या संघातून आमंत्रितांच्या स्पर्धांत सातत्याने खेळत असेल, तर त्याला पाहणारे डोळे पूर्वीपेक्षा जास्त आहेत. तोवर घर-शाळा सोडण्याची घाई करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

जिल्हा पातळीवर मात्र एक काम तातडीने व्हायला हवे. अमेरिकेतील छोट्या कॉलेजच्या खेळाडूचेही प्रत्येक सामन्याचे चित्रीकरण पारख्याच्या टेबलावर असते. आपल्याकडे तालुका-जिल्ह्याच्या लेदर बॉल सामन्यांचे धावफलक बहुतेक वेळा वहीत राहतात आणि वही कपाटात. १४, १६ आणि १९ वर्षांखालील प्रत्येक जिल्हास्तरीय सामना खेळपट्टीच्या मागे एक कॅमेरा लावून पूर्ण चित्रित करावा, चेंडूगणिक नोंद ठेवावी आणि ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. एक स्टँड, एक मोबाइल, एक मुलगा नोंदी करायला. पार्क स्टेडियमवरच्या पुढच्या मोसमापासून हे सुरू करता येईल.