घोड्यास कुरणांत सोडतांना

ज्वर उतरल्यावर रोग्यास प्रथम पेज द्यावी, मग मऊ भात, आणि भूक स्थिरावल्यावरच पोळी, हें आपल्या घरांतील वडील बायकांस शिकवावें लागत नाहीं. मुक्या जनावरांच्या बाबतींत मात्र हा विवेक पुष्कळदां सुटतो. इंग्लंडसारख्या थंड देशांत बरेच घोडे हिवाळाभर वाळलेल्या गवतावर असतात. मार्च-एप्रिलांत कुरणें हिरवीं झालीं कीं धनी कौतुकानें फाटक उघडतो व घोड्यास दिवसभर मोकळा सोडतो. या कौतुकापायीं कित्येक घोडे कायमचे लंगडे होतात. कांहीं तर प्राणासही मुकतात. असें कां होतें व तें टाळावें कसें, याचा विचार या खेपेस करूं.

घोडा गाईप्रमाणें रवंथ करीत नाहीं. त्याचें जठर शरीराच्या मानानें लहान, ८ ते १५ लिटर मावेल एवढेंच. गवतांतील तंतुमय भाग पचतो तो पुढें मोठ्या आंतड्यांत, आणि तें काम तेथें राहणारे असंख्य सूक्ष्म जंतु करितात. वाळल्या वैरणीवर पोसलेल्या या जंतूंस कोवळ्या गवताची संवय होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तत्पूर्वींच तें गवत भरपूर पोटांत गेलें, तर त्यांतील फ्रुक्टन नांवाची शर्करा न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरते व वेगानें आंबते. आम्लता वाढून जुने जंतु मरतात आणि त्यांचीं विषें रक्तांत शिरतात. कधीं पोटशूळ उठतो, कधीं हगवण लागते.

परंतु सर्वांत मोठा घाव पडतो तो खुरांवर. खुराच्या कवचाच्या आंतल्या बाजूस ५५० ते ६०० पातळ पडदे असतात. पायाचें शेवटचें हाड त्यांच्याच आधारानें कवचास धरून राहतें. दाह होऊन हे पडदे सुटले कीं शरीराचा सगळा भार त्या हाडास खालीं रेटतो. ऑस्ट्रेलियांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी तट्टांच्या रक्तांतील इन्शुलिन सतत चढतें ठेवलें, तेव्हां ७२ तासांच्या आंत त्यांच्या खुरांस हाच दाह झाला. यावरून लठ्ठ, मानेवर चरबी सांचलेल्या तट्टांस गोड गवत अधिक कां बाधतें, याचा उलगडा होतो.

उपाय साधा आहे. चिकाटी मात्र हवी. गवत ६ ते ८ इंच वाढेपर्यंत कुरण बंद ठेवावें व तें ३ इंचांवर आलें कीं जनावर बाहेर काढावें. कारण शर्करा बुडख्याजवळ अधिक असते, आणि गवतासही पुन्हां वाढण्यास अवसर लागतो. पहिल्या दिवशीं नेहमींची वैरण पोटभर घालून मग १५ मिनिटेंच चरूं द्यावें. पुढें रोज १५ मिनिटें वाढवीत गेल्यास १६ व्या दिवशीं ४ तास होतात. मध्यें कांहीं दिवस खंड पडला, तर पुन्हां थोडक्यापासून आरंभ करावा.

वेळही पाहिली पाहिजे. गवत दिवसा उन्हांत शर्करा तयार करितें आणि रात्रीं वाढीसाठीं ती खर्चितें. म्हणून पहांटेचा प्रहर चांगला, दुपार व सायंकाळ वाईट. मात्र रात्रीं दंव गोठण्याइतकी थंडी पडली असेल, तर वाढ खुंटून शर्करा तशीच राहते. त्या सकाळीं घोडा आंतच बांधावा. मळणीच्या बैलास आपण मुसकें बांधतों, त्याच धर्तीचें पण खालीं भोंक ठेवलेलें मुसकें तिकडे लठ्ठ तट्टांस चरतांना घालतात. त्यानें घास लहान होतो व पाणीही पितां येतें.

घोडा पुढचे पाय पुढें टाकून मागें रेलूं लागला, वळतांना अडखळूं लागला, अथवा खूर ऊन लागूं लागले, तर त्यास कुरणांतून काढून मऊ अंथरुणावर उभा करावा, खुरांस बर्फानें गारवा द्यावा व पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. चालवून पाय मोकळे करण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये.

आपल्याकडील पावसाळी गवतांच्या जाति निराळ्या असून त्यांत फ्रुक्टन सहसा सांचत नाहीं. तथापि कोरड्या वैरणीवरून ओल्या चाऱ्यावर एकाएकीं नेल्यास पोटशूळाचें भय येथेंही आहेच. तेव्हां ज्यांच्या पदरीं घोडा असेल, त्यांनीं आषाढांतही हाच क्रम ठेवावा.

हा विचार आपणांस परका नाहीं. कौटिल्यानें अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत शिंगराचा यवांचा वाटा महिन्यामहिन्यानें वाढविण्यास सांगितलें आहे. वाग्भटानेंही अंगवळणीं पडलेलें अपथ्य चतुर्थांशानें सोडावें व पथ्य तसेंच धरावें, असा उपदेश केला आहे. पथ्य तेंही क्रमानें, ही यांतील खरी मेख. हिरवें गवत घोड्याचें स्वाभाविक अन्न आहे, एवढ्यावर विसंबून फाटक उघडणाऱ्यानें पहिले सोळा दिवस घड्याळ जवळ ठेवावें.